फेज पाहायची गरज नाही

हेडफोन कानाला लावून डोळे मिटणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. अकोला, वाशीम, यवतमाळकडच्या हौशी लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यात मीही आहे. तिथे दर दोन दिवसांनी कोणीतरी नवा हेडफोन घेतो आणि लिहितो, आवाज मखमली आहे, गायिका समोर येऊन बसल्यासारखी वाटते, बासला वजन आहे. किती वजन आहे? किलोत सांग ना. मी अशा सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचो, आलेख आहे का? आलेख नसेल तर तुमच्या मखमलीचं मला काही करायचं नाही. लोक माझ्यावर चिडायचे आणि मला त्याचा आनंद व्हायचा.

मी मालेगावात राहतो. नाशकाकडचं नव्हे, आमचं वाशीम जिल्ह्यातलं. एका प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणजे सोल्डरिंगचा धूर खात वीस वर्षं काढली आहेत. हेडफोन मोजायचं यंत्र मी स्वतः बनवलं. एक सागवानी फळी, तिच्यावर सिलिकॉनचा कान, कानाच्या आत नळी आणि नळीच्या टोकाला बारीक माइक. त्या कानावर हेडफोनची एक बाजू चढवायची आणि लॅपटॉपमधून आवाज सोडायचा. तो खालच्या घुमाऱ्यापासून सुरू होतो आणि चढत चढत डासाच्या पलीकडे जातो. माइकनं काय ऐकलं त्याचा आलेख पडद्यावर उमटतो. आमच्या घराखाली पिठाची गिरणी आहे, त्यामुळे हे काम फक्त दुपारी, लोडशेडिंगच्या वेळी करायचं. गावातली लाइट गेली की बाकीचे लोक शिव्या द्यायचे आणि मी खुश होऊन लॅपटॉप उघडायचो. बायको म्हणायची, "झाला याचा भोंगा सुरू."

आलेख वाचता येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना येते. ग्रुपवर कोणी कुठूनतरी आलेख उचलून टाकला की अडाण्यांची जत्रा भरायची. तीन हजार हर्ट्झजवळ डोंगर दिसला की एक म्हणायचा, बापरे, हा किती टोचत असेल! अरे, तो डोंगर तुझ्या कानाचाच आहे. कानाची नळी तो आवाज मुळातच वाढवते. डोंगर नसता तर तुला गायिका घोंगडी पांघरून गाते आहे असं वाटलं असतं. आठ-नऊ हजाराच्या वर खड्डा दिसला की दुसरा रडायचा. तो खड्डा हेडफोन दोन सूत सरकवला की जागा बदलतो, म्हणून मी प्रत्येक बाजू पाच वेळा काढून पाच वेळा चढवतो आणि सरासरी घेतो. बास पडलेला दिसला तर बहुतेक वेळा हेडफोनची गादी कानाभोवती नीट टेकलेली नसते, चष्म्याच्या काडीएवढी फट पुरते. विकणारे तर महाबिलंदर. आलेखाच्या उभ्या पट्टीवर एवढे आकडे कोंबून छापतात की सातपुड्याचं माळरान होतं. वरून रेषेला अशी इस्त्री फिरवतात की एक सुरकुती राहत नाही. हे सगळं मला एका नजरेत दिसायचं आणि ज्यांना दिसत नाही ते मला माणसांत जमा वाटायचे नाहीत.

आता फेज. त्याच पडद्यावर खाली दुसरा एक आलेख असतो, फेजचा. कोणता सूर किती आणि कसा पुढेमागे झाला ते तो सांगतो. दिसायला करवतीच्या दातांसारखा. रेषा खाली जाते, तळाला टेकली की एकदम वर उडी मारते आणि पुन्हा खाली निघते. नवशिक्यांना वाटतं हेडफोन फुटला. ती उडी खरी नसतेच, कागद संपला म्हणून रेषा वरून सुरू होते एवढंच. हे समजावून समजावून माझं तोंड दुखलं होतं. आणि हेडफोनच्या बाबतीत फेजचा आलेख तसाही फुकटचा असतो. एका बाजूचा वरचा आलेख माहीत असेल तर खालचा गणितानं काढता येतो. त्यात नवीन काही नसतं. मी ग्रुपवर एकदा लांबलचक लिहिलं होतं, "हेडफोनमध्ये फेज पाहायची गरज नाही, ज्याला आहे त्यानं आधी अभ्यास करावा." ते लोकांनी इकडे तिकडे पाठवलं. मी माझ्या पडद्यावरची फेजची खूणच काढून टाकली होती. दोन वर्षं तो आलेख मी पाहिला नव्हता.

माझी आत्या शिरपूरच्या पुढे एका खेड्यात राहते. बापाची धाकटी बहीण. साठी उलटलेली, आयुष्य निंदणी-कापणीत गेलं, पण गळा असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम ठेवावं. आमच्या भागात जयंतीला गायन पार्ट्या असतात. पुढे गायक, त्याच्या हातात माइक. मागे सतरंजीवर कोरस, बहुतेक बायाच. कोरसला माइक नसतो. गायकाच्या माइकमध्ये मागून जेवढा झिरपेल तेवढा त्यांचा आवाज. आत्या तीस वर्षं त्या मागच्या सतरंजीवर बसली. पुढच्या गायकाला, ज्याच्या बोटांत चार अंगठ्या आणि डोळ्यांवर दिवसाढवळ्या काळा चष्मा असतो, ती दर दुसऱ्या ओळीला सूर सापडवून द्यायची. तो टाळ्या घ्यायचा.

आत्यानं स्वतःचं एक गाणं रचलं होतं. चाळिशीत रात्रशाळेत जाऊन ती नाव लिहायला शिकली, त्यावर. त्यातली एक ओळ मला पाठ आहे: "अंगठ्याची शाई धुतली वं बाई, म्या माही सही केली." हे गाणं तिनं शेतात म्हटलं, भाकरी थापताना म्हटलं, माइकवर कधी नाही.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, गाठ साधी आहे पण काढावी लागेल, आवाजाची नस तिथूनच जाते, आवाज बदलू शकतो. ऑपरेशन मार्चअखेर, जयंती एप्रिलमध्ये. आत्या ऑपरेशनला घाबरली नाही. तिनं मला फोन केला.

"बापू, तुह्याकडं ते मशिनी हायेत ना. माहं गाणं भरून घे. जयंतीले सकाळी, त्या गायकाच्या आंधी, पाच मिन्टं वाजवू देतो म्हणते कमेटी. मंग कापू दे गळा."

कमिटीनं किती आढेवेढे घेतले ते मला नंतर कळलं. पण पाच मिनिटं मिळाली होती. हे गाणं नीट भरणं आणि त्या सकाळी वाजणं, एवढंच तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलं. मी म्हटलं, आत्या, काळजी करू नको, हे काम योग्य माणसाकडे आलं आहे.

मालेगावात स्टुडिओ म्हणजे एका कृषी सेवा केंद्राच्या वरची खोली. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, त्यातले निम्मे गळून पडलेले, खालून कीटकनाशकाचा वास. मालक लग्नसराईत डीजे वाजवतो आणि उरलेल्या वेळात गाणी भरतो. कामाच्या नावानं माणूस ठीक, पण ज्ञानाच्या नावानं आनंदच. त्याला एकदा विचारलं, तुमच्या खोलीचा आलेख काढलाय का, तर म्हणाला, "कोनचा, सात-बाराचा?" ऑपरेशनच्या आठ दिवस आधी आत्या तिथे येऊन गाऊन गेली. एका बाजूला ढोलकी, एका बाजूला बेंजो, मधोमध आत्या. एकाच दमात म्हणाली, दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही. डीजेवाला गाणं संपल्यावर काही वेळ बटणाला हात लावायचा विसरला, हे मात्र मी त्याच्या बाजूनं मांडतो.

मिक्सिंगच्या वेळी आत्या दवाखान्यात होती. स्टुडिओचे स्पीकर मानोऱ्याच्या एका लग्नात गेले होते. मालकाकडे रस्त्यावरच्या गाड्यावर मिळतो तसला एक इयरफोन होता. माझ्या आत्याचं गाणं असल्या डबड्यावर? मी म्हटलं, माझा हेडफोन आणतो. माझा जुना चांगला हेडफोन होता, त्याची वायर उंदरानं कुरतडली होती. मी नवी वायर आणली आणि एका दुपारी संस्थेच्या टेबलावर बसून ती जोडली. नव्या वायरीतले रंग जुन्यापेक्षा वेगळे होते. डावी बाजू जोडली, उजवी जोडली. मुलांना मी पहिल्या दिवशी सांगतो, रंगावर भरवसा ठेवू नका, मीटर लावा. मीटर माझ्या कोपराशी पडला होता. लावला नाही. मला कशाला लागतो मीटर?

घरी आणून तो मोजला. डावी बाजू पाच वेळा, उजवी बाजू पाच वेळा. दोन्ही रेषा एकमेकींवर अशा बसल्या की दुसरी शोधावी लागत होती. इतकी जुळलेली जोडी मी क्वचित पाहिली आहे. मी त्याचा रंगीत प्रिंट काढला. कानाला लावून पाहिला नाही. मी ऐकत नाही, मोजतो, हे मी अभिमानानं सांगायचो, आणि ऐकणं हे मखमलीवाल्यांचं काम.

स्टुडिओत मी आधी प्रिंट टेबलावर ठेवला, मग हेडफोन दिला. डीजेवाल्यानं तो लावला, गाणं सुरू केलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं.

"भाऊ, कायतरी गडबड हाय. बाईचा आवाज मधात नाही येऊन राह्यला. डोक्याच्या मांगं पसरून राह्यला. बासबी गायब हाय."

"तुमचे कान डीजेनं गेले," मी म्हटलं. "हा कागद पाहा. डावा अन् उजवा, एकावर एक. केसाचा फरक नाही."

"कागद बराबर असन. पण मले मांगून आयकू येते, त्याले मी काय करू?"

"मग तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये खोट आहे. हेडफोन चांगला असला की खोट उघडी पडते."

तो बिचारा माझ्या संस्थेच्या नावाला आणि रंगीत कागदाला दबला. खूप वेळ डोकं खाजवून त्यानं एक बटण दाबलं. ते बटण एका बाजूचा आवाज उलटा करतं, म्हणजे जिथे पडदा पुढे जायचा तिथे मागे जातो. "आता आला मधात," तो म्हणाला. मी हेडफोन घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदा कानाला लावला. आत्या दोन्ही कानांच्या बरोबर मध्ये उभी होती. सही केली म्हणताना तिचा श्वास कुठे तुटतो तेसुद्धा ऐकू येत होतं. माझा ऊर भरून आला आणि त्याच भरात मी त्या माणसाला पंधरा मिनिटं झापलं. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही उलटी गाणी भरत असाल आणि तुम्हाला पत्ता नाही. 

मग तो म्हणाला, "एक डाव मोबाइलवर लावून पाहतो. आमची तपासणी त्याच्यावरच असते."

मी हसलो. खरंच मोठ्यानं हसलो. "सोनं कोळशाच्या वखारीत तोलता का? मोबाइलवर लावायचं नाही." पेनड्राइव्ह मी माझ्या खिशात घातला. त्याच्याकडची प्रतही मी मोबाइलवर जाऊ दिली नाही, उगाच कोणी फॉरवर्ड करून वाट लावेल म्हणून. घरी बायको म्हणाली, माझ्या फोनवर लावा, मलाही ऐकू द्या. तिलाही मी हेडफोनच लावायला लावला. ती म्हणाली, छान आहे, आत्याबाई समोर बसल्यासारख्या वाटतात. तिला मी सांगितलं, असं बोलू नकोस, त्याला काही अर्थ नसतो.

जयंतीच्या सकाळी मी मोटारसायकलवर आत्याच्या गावी गेलो. विहारासमोर मांडव, निळ्या पताका, पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया. आत्या पहिल्या रांगेत खुर्चीवर होती, गळ्याभोवती पदर घट्ट ओढलेला. ऑपरेशन होऊन दोन आठवडे झाले होते. आवाज खरखरीत झाला होता, डॉक्टरनं जोरानं बोलायलाही मनाई केली होती. तिनं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. तिच्या मागे सगळा कोरस बसला होता, तीस वर्षांच्या सोबतिणी. त्यांनी आत्याला मुद्दाम पुढे बसवलं होतं. गायक काळा चष्मा लावून स्टेजच्या कडेला पान चघळत उभा होता.

लाउडस्पीकरवाल्याकडे एकच जुना अँप्लिफायर. त्यातून झाडावरचे दोन भोंगे आणि स्टेजपुढचे दोन डबे, चौघांतून एकच आवाज. डावं-उजवं काही नाही, दोन्ही बाजू आत गेल्या की एकत्र होऊन बाहेर पडतात. मी तुच्छतेनं ते पाहिलं आणि पेनड्राइव्ह दिला. सूत्रसंचालकानं आत्याचं पूर्ण नाव घेतलं, गाणं तिनं स्वतः लिहिलं आहे हे सांगितलं. टाळ्या झाल्या.

ढोलकी वाजली. बेंजो वाजला. मग आत्याची ओळ यायची होती, आणि ती आली नाही. ढोलकी चालूच. बेंजो चालूच. मधल्या जागी काहीतरी लांबून, विहिरीतून बोलल्यासारखं उमटत होतं. डीजेवाल्यानं तिच्या आवाजाला जी एको, म्हणजे गुंज, घातली होती, तेवढीच उरली होती. शब्द एक नाही. लाउडस्पीकरवाल्यानं आवाज वाढवला. ढोलकी छातीवर आदळायला लागली. त्यानं आणखी वाढवला.

"अहो, बाई कुठी हाय?" मागून कोणीतरी ओरडलं आणि पोरं हसली.

मी आत्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती प्रत्येक ओळ तिच्या जागेवर म्हणत होती, आवाजाशिवाय, जणू जिथे गाणं आहे ती जागा लोकांना दाखवत होती. मागच्या कोरसमधल्या दोघीचौघींनी तिचे ओठ पाहून गाणं उचलायचा प्रयत्न केला, पण त्यांना शब्द पाठ नव्हते, आणि ढोलकीपुढे त्यांचं कोण ऐकतं? पाच मिनिटं ते तसंच चाललं. मला वाटलं बंद करावं, पण बंद कर म्हणायचं धाडसही होईना. गाणं संपलं. दोनचार टाळ्या वाजल्या, लग्नात उशिरा आलेल्या पाहुण्याला हात जोडतात तशा.

गायकानं पान थुंकलं आणि माइक हातात घेतला. "कोरस व्हय तो," तो हसत म्हणाला. "मांगच्या लाइनीचा आवाज असाच असते." लोक हसले. त्यानं पहिली तान घेतली आणि ती स्वच्छ ऐकू आली.

मी लाउडस्पीकरवाल्याच्या अंगावर गेलो. "तुमचा अँप्लिफायर भंगार आहे. तुम्ही माझ्या आत्याच्या गाण्याचं वाटोळं केलं."

त्या माणसाचं नशीब की तो माझ्यासारखा नव्हता. तो चिडला नाही. मधल्या चहाच्या वेळी त्यानं दुसऱ्या पेनड्राइव्हवरचं एका बाईचं गाणं लावलं. शब्दन् शब्द ऐकू आला. मग तो मला म्हणाला, "सर, मशीन बराबर हाय. तुमच्या गाण्यातच बाई नाही."

मी जेवायला थांबलो नाही. आत्याला सांगितलंही नाही की निघतो.

मालेगावला पोचलो तेव्हा गिरणी चालू होती, लाइट होती, मोजायची वेळ नव्हती. पण मोजायची गरजच नव्हती. मोजलेलं सगळं लॅपटॉपमध्ये होतं. त्या दुपारची मोजणी उघडली, डावी आणि उजवी, एकावर एक बसलेली. मग कोपऱ्यातल्या फेजच्या चौकोनात खूण केली. खालचा आलेख उघडला. दोन रेषा होत्या. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकमेकींपासून बरोबर अर्ध्या फेरीच्या, म्हणजे एकशेऐंशी अंशांच्या अंतरावर, समांतर, कुठेही न भेटता. उजव्या बाजूची वायर मी उलटी जोडली होती. डावा पडदा पुढे जायचा तेव्हा उजवा मागे. वरच्या आलेखाला हे कळत नाही. तो फक्त किती ते सांगतो, कोणत्या दिशेला ते नाही. एका बाजूचा फेज गणितानं काढता येतो हे खरं, फक्त अख्खी बाजूच उलटी असेल तर ते गणित सांगत नाही. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलं होतं. आत्याच्या त्या पाच मिनिटांआधी जेवढ्या वेळा मी लोकांना अभ्यास करा म्हणालो, तेवढ्या वेळा स्वतः ते एक वाक्य विसरलो होतो.

पुढचं मुलांनाही कळेल. हेडफोन उलटा होता म्हणून डीजेवाल्यानं सरळ गाणं उलटं केलं. माझ्या उलट्या हेडफोनमध्ये उलटं गाणं सरळ वाजलं. गावच्या अँप्लिफायरमध्ये दोन्ही बाजू एकत्र आल्या, आणि मधोमध असलेला आवाज दोन्हीकडे सारखाच पण उलटसुलट असल्यामुळे स्वतःलाच खाऊन गेला. ढोलकी एका बाजूला होती, बेंजो दुसऱ्या, ते वाचले. फक्त आत्या मध्ये होती. मोबाइललाही एकच स्पीकर असतो, त्यावर एकदा लावलं असतं तर दोन सेकंदांत कळलं असतं. डीजेवाल्याच्या कानांनी ते पहिल्याच क्षणी ओळखलं होतं आणि मी त्याच्या तोंडावर कागद फेकला. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे मी ग्रुपवर रोज शोधत होतो. त्यांचा पुढारी घरातच बसलेला होता.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तेवढा मोठा मी अजून झालेलो नाही. डीजेवाल्याकडे मात्र गेलो. तो रागावेल असं वाटलं होतं, तो म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, मलेबी वाटलंच होतं, पण तुमच्याकडं कागद होता." त्याच्या या समजूतदारपणाचा मला राग आला. मला शिव्या हव्या होत्या. त्यानं तेच बटण परत दाबून गाणं सरळ केलं. काम एका बटणाचं होतं. ते आम्ही मोबाइलवर वाजवून पाहिलं, मग माझ्या मोटारसायकलच्या सीटवर मोबाइल ठेवून पाहिलं, मग खालच्या कृषी केंद्रातल्या रेडिओत पेनड्राइव्ह घालून पाहिलं. सगळीकडे आत्या होती. खत घ्यायला आलेला एक शेतकरी थांबून विचारता झाला, ही कोण गाऊन राह्यली?

पुढच्या रविवारी मी आत्याकडे गेलो. वायर सरळ केलेला हेडफोन नेला होता, मीटर लावून. ती ओसरीवर तूर पाखडत बसली होती. मी काय झालं ते सांगायला लागलो, वायर, उलटं, सुलटं. तिनं हातानं थांबवलं आणि हेडफोन मागितला. मी तिच्या कानांवर तो बसवला आणि गाणं सुरू केलं. तिनं डोळे मिटले नाहीत. सूप मांडीवर तसंच धरून समोरच्या गोठ्याकडे पाहत तिनं पूर्ण गाणं ऐकलं. ओठ हलवले नाहीत. संपल्यावर हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

"चांगला भरला," ती म्हणाली. तिचा आवाज आता सुकलेल्या पानावर पाय पडल्यासारखा येतो, दोन शब्दांनंतर ती थांबते. "पण हे मले कायले आयकवतं बापू? माहा आवाज तं मले माहीत हाय."

मी म्हटलं, आत्या, पुढच्या पौर्णिमेला विहारात कार्यक्रम आहे. मी स्वतः कमिटीशी बोलतो. माझा अँप्लिफायर आणतो, समोर उभा राहतो, चूक माझी होती हे माइकवरून सांगतो. हे गाणं वाजवू.

तिनं सूप पुन्हा हातात घेतलं. दोनदा पाखडलं. मग गळ्यावर हात ठेवून, सावकाश, एक एक शब्द सोडवत म्हणाली,

"आता नको. आता आयकतीन तं लोक म्हणतीन, बुढीचा असा आवाज हाय काय? भाच्यानं मशीनीतून दुसरीच बाई आणली."